चारशे बारा नावं

१२ जानेवारी २०१५, लातूर

आज लातुरात दाखल झालो. खोलीत गरम पाणी, मेसमध्ये वांग्याची भाजी आणि खिडकीतून समोरच जेबाच्या होस्टेलचं फाटक, असा तिहेरी लाभ. नांदेडला केबलवाल्याकडे तारा ओढून बेजार झालो होतो. इथं क्लासवाल्यांनी टेबलावर 'शहेबाज, नेटवर्क इंजिनिअर' अशी पाटीच ठेवली आहे. पाटीचा फोटो अम्मीला देगलूरला पाठवला.

संध्याकाळी जेबा भेटली. याच क्लासात मेडिकलच्या परीक्षेचा अभ्यास करून माझी बहीण काडी झाली आहे, पण जीभ शाबूत आहे. म्हणाली, भाई, तुझ्यावर नजर ठेवायला अम्मीने मला इथं ठेवलंय. अब्बा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला मी शाळेत सोडलं, मीच वेण्या घातल्या, त्याही वाकड्या. ती डॉक्टर झाली की मी सुटलो.

१४ जानेवारी

काम असं. यंत्रांना आकडे कळतात, माणसांना नावं. मधे नावांचा सर्व्हर बसतो. त्याला नाव विचारलं की तो पत्ता सांगतो. इथं नऊशे पोरांकडे टॅब्लेट आहेत आणि सराव परीक्षेच्या दिवशी सगळे एकदम विचारू लागले की सर्व्हर मान टाकतो. म्हणून आता दोन सर्व्हर, एक इथं आणि एक नांदेडच्या शाखेत. दारात लोड बॅलन्सर बसवायचा. तो पंगतीतल्या वाढप्यासारखा, एक विचारणा इकडे, एक तिकडे. कुणावर जास्त भार नाही.

क्लासचे मालक बापूसाहेब सर यांचा एक हट्ट आहे. टॅब्लेटला नंबर द्यायचा नाही, पोराचंच नाव द्यायचं. म्हणाले, "नंबर जनावराला असतो. लेकराला नाव असतं." त्यामुळे आमच्या सर्व्हरमध्ये नऊशे नावं आहेत. माझ्या कॉम्प्युटरचंही नाव शहेबाजच.

१७ जानेवारी

बॅलन्सर बसला. त्याला तपासायला नावांचा मारा करावा लागतो, सेकंदाला हजार हाका. पोरांची नावं वापरली असती तर त्यांचा अभ्यास खोळंबला असता. ऑफिसातले हेडक्लार्क विरूपाक्षकाका जेवायला गेले होते. त्यांच्या कॉम्प्युटरवर 'गावची यादी' नावाची फाइल दिसली, चारशे बारा नावं. पेन ड्राइव्हवर घेतली. विचारायची तसदी घेतली नाही. माझं हे असंच, घाई पुढं आणि अक्कल मागून.

ती नावं आमच्याकडे नाहीतच, त्यामुळे प्रत्येक हाकेला 'असं नाव नाही' हेच उत्तर यायला हवं. तसंच आलं. दोन्ही सर्व्हर टिकले. जेबाला लस्सी पाजली. मारा तसाच चालू ठेवला आहे, आठवडाभर टिकतो का बघू.

१९ जानेवारी

कोट्यवधी हाकांत एका नावाला उत्तर आलं. 'ईश्वरप्पा'. पत्ताही आला, तो आमच्यापैकी कुणाचाच नाही.

बॅलन्सरच्या पडद्यावर आपल्या दोन सर्व्हरखाली तिसरा दिसतोय. मी टाकलेला नाही. काढला. पाच मिनिटांत परत आला. नांदेड शाखेत सर्व्हर सांभाळणाऱ्या मकसूदला फोन करून शिव्या घातल्या, त्याने कुराणाची शपथ घेतली.

आणि त्याच मिनिटाला आमच्या यादीतलं एक नाव गेलं. सर्वेश. तेव्हा टॅब्लेट चालू असणाऱ्या थोड्या पोरांपैकी एक. पुन्हा भरलं तरी टिकत नाही.

२० जानेवारी

सर्वेश हिमायतनगरचा, सतरा वर्षांचा. सकाळी हजेरीत नाव घेतलं तर गप्प. मग पलंग ओढत मैदानात घेऊन गेला. छताखाली यायला तयार नाही. रेक्टर राजश्री मॅडमकडे त्याने तंबाखू मागितली आणि बैलांना पाणी दाखवलं का म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, अभ्यासाचा ताण. या गावात पोराला काहीही झालं की अभ्यासाचा ताणच असतो.

मला राहवलं नाही. मागून हळूच म्हटलं, ईश्वरप्पा.

त्याने वळून ओ दिली.

२२ जानेवारी

आज गावच्या यादीतल्या आणखी एका नावाला ओ आली आणि आमच्यातलं रुद्राणीचं नाव गेलं. तीही मैदानात, सर्वेशच्या शेजारी बसून त्याला दादा म्हणते.

विरूपाक्षकाकांनी माझ्या पडद्यावर यादी पाहिली आणि एकेका नावावर बोट ठेवत वाचू लागले. ही त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या गावात गेलेल्या माणसांची यादी. त्यांनीच टाइप केलेली, कुणाचं नाव विसरू नये म्हणून. मी मेलेल्या चारशे बारा माणसांना पाच दिवस हाका मारत होतो.

काका कधी बोलत नाहीत, आज बोलले. ढिगाऱ्यावर उभं राहायचं, नाव घ्यायचं, गप्प राहायचं. ओ आली की तिथं उकरायचं. "ओ आली अन् सोडून गेला, असं करायचं न्हाई. हाक मारली म्हंजे काढायचं कबूल केलं." त्यांची मुलगी सिंधु तेव्हा नऊ वर्षांची. तिची ओ त्यांनी दोन दिवस ऐकली. तिसऱ्या दिवशी यंत्रं आली, आवाजात काही ऐकू येईना. काका म्हणाले, "मला आलती तिची ओ. मी काढलं न्हाई."

मग त्यांनी विचारलं की सिंधुने ओ दिली का. नाही म्हटलं. मारा कोणत्या बटणाने चालू होतो, हेही विचारलं. सांगितलं. माणूस दुःखात आहे, त्याला काय नाही म्हणायचं.

२३ जानेवारी

मारा बंद केला, यादी पुसली. तिसरा सर्व्हर अजून दिसतोच आहे, पण हाकच नाही तर ओ कशाला येईल?

हिशेब कळला. मीच बसवलाय तो. एक इकडे, एक तिकडे. तिकडचं एक वर आलं की इकडचं एक खाली जातं, आणि जातं ते त्या घडीला चालू असलेल्यांपैकीच. सर्वेशचे वडील आज आले होते, पोरगा त्यांना ओळखत नव्हता. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. हे माझ्यामुळे झालं.

जेबाला म्हटलं, उद्या देगलूरला चल. हसली. म्हणाली, तू भुताला भितोस, मी फिजिक्सला भिते, आपापलं बघू. उद्या सकाळच्या गाडीने नेणारच.

२४ जानेवारी

सकाळी गाडीच्या आधी ऑफिसात डोकावलो तर माझ्या खुर्चीत काका. मारा चालू. एकच नाव, सेकंदाला हजार वेळा. सिंधु. त्यांच्याकडे यादी पाठ आहे, पुसून काय होणार होतं.

ओ आली होती. काका रडत होते.

आमच्या यादीत बघितलं. जेबा नाही.

धावलो. ती होस्टेलच्या अंगणात उकिडवी बसली होती. जेबा म्हटलं, जेबा बेटा म्हटलं. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. काका मागून आले तशी उठली आणि आप्पा म्हणून त्यांच्या कमरेला मिठी मारली.

२५ जानेवारी

काकांनी तिला खारीक आणली. वेणी घातली, सरळ. मी ओढून नेऊ लागलो तर ती किंचाळली आणि पोरं माझ्या अंगावर धावून आली. काकांना हात जोडले. म्हणाले, "तुजी बहीण हाय, मला ठावं हाय. पर मी आता हिला पुन्यांदा गाडू का?"

अम्मीचा फोन येतोय. उचलला नाही.

एक वाट आहे. मी जेबाला हाक मारायची. ती तिकडून ओ देईल, वर येईल — आणि त्या घडीला फक्त तिचाच टॅब्लेट चालू हवा, म्हणजे ती स्वतःच्याच जागी येईल, सिंधु परत जाईल. काका मला माफ करणार नाहीत. न करोत. मला माझी बहीण पाहिजे.

उद्या झेंडावंदन. सगळे टॅब्लेट बंद करून कपाटात जातात.

हे जमलं तर सर्वेश आणि रुद्राणीलाही असंच आणीन. कृती ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवली आहे.

२६ जानेवारी

आठ वाजले. सगळे मैदानात. आठशे नव्व्याण्णव टॅब्लेट बंद, मोजून घेतले. जेबाचा चालू, होस्टेलच्या ऑफिसात चार्जिंगला.

मारा सुरू. जेबा. जेबा. जेबा.

बाहेर राष्ट्रगीत.

उत्तर नाही — उत्तर नाही —

तिसरा सर्व्हर हलला. येतेय. जेबा ये, बेटा, मी —

तिचा टॅब्लेट बंद झाला. आत्ता. कुणी —

काका दारात. हातात तिचा टॅब्लेट. हात जोडतायत, माफ कर म्हणतायत — मारा थांबत नाही, बटण — आता चालू नाव एकच, हा माझा कॉम्प्युटर, माझं —

२६

ही भाईची वही. मी जेबा. भाई, मी बाहेर आले. तिथं फार अंधार होता, तोंडात माती होती, तू हाक मारत होतास ते ऐकू येत होतं. तू कुठं आहेस? इथं विरूपाक्षकाका रडतायत आणि मला शहेबाज म्हणतायत. पेन हातात बसत नाही, बोटं जाड झालीत. अंगावर तुझा शर्ट आहे. कॉम्प्युटर बंद पडलाय, काळ्या काचेत तू दिसतोयस. मी भाई म्हटलं की तूही भाई म्हणतोस, मी रडले की तूही —