मामाचा चकाकता पट्टा

१४ ऑक्टोबर १९६९, मालाड

मामा गेला आणि मी श्रीमंत झालो, असं कार्मेनचं मत. बायकोच्या मताविरुद्ध जाण्याइतका श्रीमंत मी अजून नाही.

गोराईच्या कॉस्मसमामाचं घड्याळ माझ्याकडे आलं. बंद आहे. पण पट्टा! रुंद, कड्यांचा, पिवळाधमक. रविवारी चर्चमध्ये मामा हात उंचावून गायचा तेव्हा लोक आल्तार सोडून त्याच्या मनगटाकडे बघायचे. फादरसुद्धा.

दुसरं घड्याळ मामाबरोबर गेलं. पेटीत सूट झाला, बूट झाले, मनगट उघडं. माझी बहीण ऑलिव्ह म्हणाली, "मामाला असा भुंड्या हाताने पाठवायचा?" मग होडीवर वापरायचा ते, काळवंडलेल्या पट्ट्याचं घड्याळ चढवलं. मळकं खाली, चकाकतं वर. सगळ्यांना पटलं. चकाकत्यातलं निम्मं सोनं ऑलिव्हचं, हेही ठरलं — पेटीचं झाकण लागायच्या आत.

१५ ऑक्टोबर

जानेवारीत आमच्या ज्युलियाचं लग्न. कार्मेनने तिच्या होणाऱ्या सासूला सांगून टाकलं, की मुलीच्या गळ्यात मामाच्या सोन्याची साखळी येणार. सासूने विचारलं, किती कॅरेट? कार्मेनला कॅरेट कळत नाही, पण गप्प बसणंही जमत नाही. "बावीस!"

आता पट्टा बावीसचाच निघायला हवा. नाहीतर साखळी माझ्या पगारातून.

१७ ऑक्टोबर

शेजारचा फ्रेडी परीक्षा घ्यायला आला. म्हणे, खरं सोनं पाण्यात बुडतं. पट्टा बादलीत सोडला. बुडाला. फ्रेडी खूश. दगडही बुडतो, हे मी बोललो नाही. फ्रेडीने आधीच आमची अर्धी बाटली बुडवली होती.

१८ ऑक्टोबर

कार्मेनने पट्टा सोरपोतेलच्या, म्हणजे डुकराच्या मटणात घालायच्या, शिरक्यात रात्रभर ठेवला. खरं सोनं शिरक्याला दाद देत नाही म्हणे. सकाळी शिरका हिरवा.

"शिरका जुना असेल," कार्मेन म्हणाली.

गेल्या रविवारी त्याच शिरक्याचं सोरपोतेल आम्ही खाल्लं. तेव्हा बरा ताजा होता.

२१ ऑक्टोबर

अखेर बाजारातल्या नंदकिशोर सोनाराकडे गेलो. त्याने काळ्या दगडावर पट्टा घासला. छान पिवळी रेघ उठली. वर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ फसफसली आणि गेली. तिच्यामागून ज्युलियाची साखळी गेली.

"पितळ. पण जातिवंत हां, क्लेमेंटशेठ. चिंचेने घासलेलं. हे कॉस्मसशेठचं ना? मग खरं कुठंय?"

"खरं?"

"मीच घडवलंय. बावीसचं. त्रेसष्टला सोन्याचा कायदा आला, झडत्या सुरू झाल्या नि शेठची झोप उडाली. मग खऱ्याला काजळी नि माशाचं तेल फासून होडीवर वापरायचे, खोटं चर्चमध्ये मिरवायचे. म्हणायचे, चोर येऊ दे नायतर साहेब, नेणार पितळच! खरं जपून ठेवलंत ना?"

"मामानेच ठेवलंय," मी म्हणालो. "स्वतःजवळ."

त्याने तोंडातलं पान गिळलं.

२२ ऑक्टोबर

कार्मेनला सांगितलं. आज घरात स्वयंपाक नाही.

२४ ऑक्टोबर

ऑलिव्हला एवढंच सांगितलं — पितळ निघालं. बाकीचं पोटात. तिने उसासा टाकला, म्हणाली, "दे, दोन दिवस माझ्याकडे असू दे. मामाची आठवण." एवढं प्रेम मामा जिवंत असताना दिसलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर

ऑलिव्हने पट्टा परत केला. आठवण तीन दिवसांत आटोपली. कडीवर कसोटीचा नवा चरा आहे.

२९ ऑक्टोबर

कार्मेनला सुचलं. गोराईच्या कबरस्तानात जागा कमी. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात नि जागा दुसऱ्याला देतात. तेव्हा घरचं माणूस हजर लागतं.

"तो माणूस तू," ती म्हणाली. "आणि तोवर लग्न पुढे ढकलू."

ज्युलिया दोघांशीही बोलत नाही.

२ नोव्हेंबर

आज मेलेल्यांचा दिवस. फुलं, मेणबत्त्या घेऊन गोराईला. मामाच्या कबरीवर आधीच इतकी फुलं, की माझी ठेवायला जागा नाही. फादरना सहज विचारलं, ही कबर कधी उघडणार?

फादर म्हणाले, "तुम्ही तिसरे. आधी ऑलिव्ह येऊन गेली. मग मालाडचा कुणी सोनार — म्हणाला, मामांवर फार जीव होता."