सब्राला मी ओळखलं

सिनसिनाटी

लिअँडर,

१२ ऑक्टोबर १८५४ रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तुझी माणसं माझ्या अंगणात घुसली आणि कपडे वाळत घालणाऱ्या सब्राला त्यांनी बेड्या घातल्या. सहा वर्षांपूर्वी तुझ्या केंटकीतल्या मळ्यातून पळून, नदी ओलांडून, गुलामी नसलेल्या या राज्यात ती माझ्याकडे आली होती.

पळालेल्या गुलामांच्या कायद्यात खुद्द गुलामाची साक्ष चालत नाही, म्हणून चौकशीत अधिकाऱ्याने मला विचारलं, "बाई, ही कोण?"

मी शपथेवर होते. मठाच्या शाळेत शिकले, पुढे तीस वर्षं मुलींना तेच शिकवलं, की खोटी शपथ महापाप. मी म्हणाले, "माझ्या भावाची सब्रा."

ती माझ्याकडे बघत राहिली. अजूनही दोरीवरच्या चादरींमागून बघते.

तुझा मुकादम हसला, "ताईसाहेब, आता धुणं तुमचं तुम्हीच धुवा!"

शेजारच्या गरीब पाववाल्याने काल बंदूक घेतली. म्हणाला, "पुढच्या खेपेला येऊ देत, नुसता बघत बसणार नाही." तुमच्याकडेही आता लोक अशाच बंदुका घेत असतील.

हे पत्र टपालात टाकायचा धीर मला होत नाही. सब्रा सापडली, तर तिच्यासमोर उभं राहावं लागेल.

तरीही विचारते. तू तिला विकलंस, असं कानावर आलं; कुणाला, ते एक नोव्हेंबरच्या आत मला लेखी कळव.

तुझी थोरली बहीण,
थिओडोशिया