विरुद्ध पक्ष म्हणजे विद्यापीठ

बाबा,

मला प्रवेश मिळाला! वकिलीच्या पदवीचा, जिच्याशिवाय काळा कोट अंगावर चढत नाही तिचाच. कागदपत्रं दाखवायला विद्यापीठात चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

आता तक्रार. माझा अर्ज आईच्या हाती तुमच्याकडे पाठवला होता तो फक्त शुद्धलेखन बघायला. तुमचा वकिली हात सवयीने चालायचा तो चाललाच, आणि मीही शहाणी, न वाचता पाठवून दिला. काल मुलाखतीत मॅडमनी शेवट मोठ्याने वाचला: ‘सबब, अर्जदारास प्रवेश देण्याचा हुकूम व्हावा व अर्जाचा खर्च विरुद्ध पक्षाकडून मिळावा.’ मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “विरुद्ध पक्ष म्हणजे आम्हीच का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंडातून निघालं, “हो मॅडम, आणि अर्जदार युक्तिवादाला तयार आहे.” मग जी सुटले, ती अगदी तुम्ही जेवताना भांडता तशी, हातवारे करून. त्यांच्या पाण्याचा पेलासुद्धा लवंडला. निकाल जागेवरच लागला. प्रवेश मंजूर, खर्च नामंजूर.

ही चिठ्ठी थेट तुम्हाला लिहितेय, आईला मध्ये न घालता, हे लक्षात आलं असेलच. तुमच्या ऑफिसात बसणार नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. फक्त त्यावर पुढची तारीख घ्यायला माझी हरकत नाही.

तोवर ऑफिसातली खिडकीजवळची खुर्ची कुणाला देऊ नका.