मोठ्याने वाचायचं पत्र

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून जिने चढण्यावाचून गत्यंतर नाही. तू हसशील, पण कारभार मी वळणावर आणला आहे. पूर्वी सभासदांची सगळी माहिती कार्यालयाच्या टेबलावर उघडी पडलेली असे. ज्याने यावं त्याने चाळावं. मी कपाट आणलं आणि किल्ली खिशात ठेवली. परवा पहिल्या मजल्यावरचे वकीलसाहेब सगळ्यांचे आधीचे पत्ते मागत आले. सभासदाचा हक्कच आहे म्हणाले. मी म्हटलं, हिशेब बघा, सभेचं इतिवृत्त बघा, लोकांचे पत्ते मिळायचे नाहीत. ते पाय आपटत गेले.

माझ्या हट्टाला कारण आहे. चौथ्या मजल्यावर एका मास्तरणीने घर घेतलंय, समोरच्याच शाळेत शिकवते. खालच्या पाटीवर नाव नको म्हणून विनवायला आली होती. तुमच्याच गावची. पुलाजवळच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक तिचा नवरा. हात उचलायचा, म्हणून बिचारी त्याला न सांगता इकडे आली. ही गोष्ट माझ्यापाशीच राहील, असा शब्द मी तिला दिलाय.

भाऊजींच्या तब्येतीचं कळव. भावावर माया असू दे.

तुझा,
बापू

ता. ११ जून

चि. बापूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टपालाची वाट न बघता हे पत्र माझ्या धाकट्या दिरांच्या हाती पाठवते आहे. आधी वाच, मग त्यांना चहा विचार.

यांना दिसेनासं झाल्यापासून तुझं पत्र मी जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचते, हे तुला ठाऊक आहे. शेजारीपाजारी येऊन बसतात, तुझ्या गुडघ्यावर हसतात. परवाही तसंच चाललं होतं. वाचता वाचता चष्म्याच्या दुकानापाशी आले आणि शेजारच्या काकूंनी कप खाली ठेवला. तो दुकानदार त्यांचा सख्खा पुतण्या. त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. काकू रडल्या. त्या पोरीचे हाल डोळ्यांनी पाहिलेत, माझ्या तोंडून काही जायचं नाही, म्हणाल्या. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण निघताना उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला दिसल्या. काकू एकट्या राहतात. आतल्या खोलीत कोण होतं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

कपाटाला कुलूप लावलंस आणि मला सगळं लिहून मोकळा झालास. मीही कसलाही विचार न करता वाचत सुटले. मला फार लाज वाटते आहे, बापू. आत्ताच्या आत्ता वर जा आणि तिला खरं काय ते सांग. सारवासारव करू नकोस.

तुझी,
ताई

ता. १४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दिरांना चहा विचारायचं राहूनच गेलं. पत्र वाचलं आणि तसाच वर गेलो. दारातच सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. शाळेचं लिहिलंत का, विचारलं. हो म्हणालो. मजला? तोही. मग माझा गुडघा बघून तिने मला आत बोलावून खुर्ची दिली. तिने दार तोंडावर आपटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.

वकीलसाहेबांनी मागितलं, तर मी नाही म्हटलं. तुमच्या घरी कोणी मागितलं नव्हतं, तरी लिहून पाठवलं. कपाटाची किल्ली मी सोसायटीच्या समितीच्या हवाली केली आहे.

बाईंनी पुढे काय ठरवलं, त्या इथेच आहेत की गेल्या, शाळा तीच आहे की दुसरी, यातलं काहीही मी लिहिणार नाही. तूही विचारू नकोस. मला गुडघ्याचं विचार, त्याचं पानभर लिहीन.

हे पत्र मात्र नेहमीसारखं जेवणं झाल्यावर मोठ्याने वाच. काकूंना आवर्जून बोलाव. आणि त्या चपला कोणाच्या, ते कळलं, तर त्यालाही.

रागावली असशील, तरी लिहीत राहा.

तुझा,
बापू