तिसऱ्या बाकाचे आठ स्क्रू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोने दाखला द्यायला नकार दिला, पण कायद्याला तिचा लागत नाही. कोणी माझा हात धरून हे लिहून घेतलेले नाही. यात जे चुकले असेल ते माझेच. असे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत असल्यामुळे वकिलाने त्याच्या बाजूला माझी वेगळी सही घेतली आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची पडवी, माझ्या पश्चात बायकोचे. तिच्यानंतर मुलगी व मुलगा यांचे निम्मे निम्मे. स्वयंपाकघराचे दार चौदा वर्षे जमिनीला घासते. ते हवेने फुगते असे मी सर्वांना सांगत आलो. हवेचा काही संबंध नाही. मी ते अर्धे बोट मोठे कापले होते. मरण्याआधी त्याला रंधा मारायचा विचार आहे.

कलम २. सर्व हत्यारे मुलीला. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. तो हातोडा चमच्यासारखा धरतो, आणि त्यालाही कारण मीच आहे. त्याने "बाबा, शिकवा" म्हटले की मला नेमके कुठेतरी जायचे असायचे. त्याला माझे घड्याळ व सायकल द्यावी.

कलम ३. माझी शिडी बावीस वर्षे मेहुण्याकडे आहे. याबद्दल मी त्याला चारचौघांत काय काय बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. शिडी त्यालाच देतो. त्याचे भोके पाडायचे गिरमिट तेवीस वर्षे माझ्याकडे आहे, तेही परत करावे.

कलम ४. माझी शवपेटी मी स्वतः करून पडवीत ठेवली आहे. सध्या तिच्यात कांदे-बटाटे आहेत, ते वेळेवर काढावेत. तिला सगळे स्क्रू लावलेले आहेत. (मागाहून भर: बायकोने दोनदा मोजले. दोनदा का मोजले ते कलम सहामध्ये आहे.)

कलम ५. माझ्या सबबी: "लाकूड ओले होते", "माप तुम्हीच दिले होते", "खिळ्यांची हल्ली जातच खराब", आणि सर्वांत जुनी, "मी तेव्हाच म्हणालो होतो". या कोणालाही वारसाने मिळू नयेत. मुलाने एक-दोन आधीच उचलल्या आहेत, त्याने त्या टाकून द्याव्यात. हा रोग जुना आहे. देवाच्या बागेतल्या पहिल्या माणसाने मना केलेले फळ खाऊन तोंड पुसायच्या आत बायकोकडे बोट दाखवले, आणि तिने सापाकडे. सापाला बोट नव्हते, म्हणून तिथे थांबले.

कलम ६. माझ्या कपाटात, मोज्यांच्या मागे, खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी आहे. तिच्यात आठ स्क्रू आहेत. त्यांची हकीकत अशी.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, उपासनेच्या सभागृहासाठी मला नवे बाक करायला सांगितले. अकरा बाक चोख झाले. बाराव्या बाकाचे, म्हणजे उजव्या बाजूच्या तिसऱ्या रांगेतल्या बाकाचे, पाय नुसते सरसाने चिकटवून झाले होते आणि स्क्रू लावायचे राहिले होते. तेवढ्यात सासुरवाडीहून जेवणाचे बोलावणे आले. जेवून येऊन लावू म्हणालो. जेवलो, झोपलो. संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब बाक बघायला येणार म्हणून धावत जाऊन भुशात सरस कालवला आणि रिकामी भोके बुजवून टाकली. स्क्रू खिशात राहिले. दिसायला तो बाक बाराही बाकांत देखणा होता.

त्या रविवारी गीत संपले, सगळे खाली बसले, आणि तिसरा बाकही बसला. त्यावर सहा माणसे होती. त्यांतल्या शाळामास्तरांची कवळी घरंगळत पाळकसाहेबांच्या पायाशी गेली. उपदेशाचा विषय सहनशीलता होता. टोकाला माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी, बसल्या होत्या. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. गायनमंडळ त्यांच्यावरच चालायचे. पाळकसाहेबांनी विचारले, "सुतार, हे काय झालं?" मी म्हणालो, "साहेब, बाकालाही मर्यादा असते," आणि वहिनींकडे पाहिले.

सगळे सभागृह हसले. कवळी नसताना मास्तरही हसले.

वहिनी कपडे झटकून उठल्या. पुढच्या रविवारी घरून लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि दाराशी बसल्या. गायनमंडळ सोडले. मुले त्यांना बाकमोडी म्हणू लागली, मग मोठेही म्हणू लागले. मी तो बाक दुरुस्त करताना खाली लोखंडी पट्ट्या ठोकल्या, आणि "कोणाला बसायचं झालं तर असाव्यात" असे वर सांगितले. याची मला आज लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण तेव्हा मी तिला दडपून टाकले.

रोज रात्री मी देवापाशी क्षमा मागत असे, पण मोघम. "कळत-नकळत झालेल्या चुका" असे म्हणून त्या गठ्ठ्यात स्क्रू लपवून न्यायचो. दुसऱ्या धंद्यात असतो तर कदाचित खपलेही असते. पण आमचा प्रभू सुताराच्या घरात वाढला, त्याला सांधा कळतो. ज्याचा काही दोष नव्हता त्याने साऱ्या जगाचा दोष अंगावर घेतला, हे मी दर रविवारी मान डोलावून ऐकत होतो. मला माझेच आठ स्क्रू उचलवत नव्हते.

सबब, माझ्या मृत्यूनंतर पाळकसाहेबांनी हे कलम मंडळीसमोर मोठ्याने वाचावे, आणि मी स्वतःसाठी केलेली आरामखुर्ची वहिनींना द्यावी.

(वरील कलम सहाचा शेवटचा परिच्छेद रद्द समजावा. कारण पुढे दिले आहे.)

कलम ७. येथपर्यंत लिहून मी बायकोला वाचून दाखवले. कौतुकाची अपेक्षा होती. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही आरामात पेटीत, आणि वहिनींनी रागवायचं कुणावर? कांद्या-बटाट्यांवर?"

मी म्हणालो, "अगं, कबुली तर दिली ना!"

"मेल्यावर दिली तर ती कबुली नव्हे. ती तुमची शेवटची सबब आहे. चपला घाला."

मी म्हणालो की गुडघा दुखतोय. तिने चपला पायाशी सरकवल्या. मी घातल्या.

वहिनींच्या दारात डबी उघडली आणि सगळे सांगितले. त्यांनी स्क्रू तळहातावर घेतले. एकेक उलटून पाहिला, आणि मला वाटले आता नुसते रडतील तर बरे. मग म्हणाल्या, "भावोजी, त्या रविवारपासून मी गोड सोडलं. एकोणीस वर्षं! आणि दर सणावाराला तुम्ही माझ्याच घरी येऊन माझ्या वाटणीचं खायचात. वर म्हणायचात, वाया कशाला घालवायचं!"

"हो वहिनी."

"दुसऱ्यांदा वाढून घ्यायचात."

"हो वहिनी. तेही मीच."

त्या रडल्या. मीही रडलो. मग त्यांनी मला मनसोक्त झापले, आणि मी एकदाही मध्ये बोललो नाही. भाऊ हयात असता तर त्याला हे खरे वाटले नसते. शेवटी म्हणाल्या, "माफ केलं. पण मंडळी हसली होती ती माझ्यासमोर. तिथंच सांगायचं."

आज उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या वर्षी लाकूड जरा..." तोच दाराशी लोखंडी खुर्ची करकरली. मी तिथेच थांबलो आणि पुन्हा सुरुवात केली. "मी स्क्रू लावले नव्हते. वहिनींचा काही दोष नव्हता. मी खोटं बोललो, आणि तुम्ही हसलात ते माझ्यामुळे."

कोणी हसले नाही. मास्तरांनी तर आदराने कवळी हाताने दाबून धरली होती.

मग लोखंडी पट्ट्या काढल्या. मुलीने भोके मोकळी केली, मुलाने बाक धरला. मी स्क्रू पिळत गेलो आणि वहिनी मोठ्याने मोजत गेल्या. आठ झाल्यावर त्यांनी मलाच पुन्हा मोजायला लावले. त्यानंतर त्या बसल्या. आधी टोकाशी, मग सरकत सरकत पार मधोमध. बाकाने हूं की चूं केले नाही.

कलम ८. इथून पुढे माझ्या हयातीत माझ्या पानातले गोड वहिनींचे. माझ्या पश्चात आरामखुर्चीही त्यांना देण्याचे मी येथे लिहीत होतो, तेव्हा वकिलाने अडवले. वहिनींना साक्षीदार व्हायचे होते, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये असे तो म्हणाला. दोन्हीतले एक निवडा. वहिनी म्हणाल्या, "खुर्ची नको, भावोजी. खुर्चीवर बसून झालं माझं. तुम्ही खरं बोललात याला साक्षीदार लागणारच, नाहीतर कोण विश्वास ठेवील? आणा ते पेन." गोड हयातीतले असल्याने कायद्याच्या आड येत नाही, हेही त्यांनी वकिलाला दोनदा विचारून घेतले. आरामखुर्ची बायकोला द्यावी.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: सुतार (सही)

साक्षीदार १: थोरल्या वहिनी (सही, बसून केली)

साक्षीदार २: पाळकसाहेब (सही, शेजारी जागा होती तरी उभ्याने केली. या बाकावर भरवसा बसायला वेळ लागेल म्हणाले.)

ठिकाण: उपासनेचे सभागृह, उजव्या बाजूची तिसरी रांग
तारीख: चौदा सप्टेंबर, रविवार

टीप: माझ्या सहीवर शाईचा डाग पडला आहे. पेन चांगले होते.