आबा-लेंना कोण उचलणार

अचो-ले,

आबा-ले तुमच्याकडे देहरादूनला कायमचं यायला तयार झाले, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खोटं होतं. मी त्यांना फक्त हिवाळ्यातली तीर्थयात्रा सांगितली आहे. रक्त घट्ट झालंय, आता एवढ्या उंचीवर राहायचं नाही, हे डॉक्टरांचं बोलणं मी त्यांच्यापासून लपवलं.

काल ते शेजारच्या नोरफेल मेमेंना म्हणाले, "खाली मेलो तर मला उचलणार कोण? आपल्या फासपुनची, मेल्यावर खांदा देणारी, चारही घरं इथंच."

"तीर्थाला चाललायस की मरायला?" मेमे हसले. "तुला उचलताना आधी आम्हीच मरू!"

आबा-लेही हसले आणि धाप लागून भिंतीला टेकले. त्यांचे ओठ निळे पडले होते. मेमे मला हळूच म्हणाले, "पोरी, परत आणशील ना याला?" मी मान डोलावली.

चुलीपाशी बसवून मला अक्षरं शिकवली ती आबा-लेंनीच. बापाला फसवून गाडीत बसवणं मला जमणार नाही. ते नाही म्हणाले तर मीही इथंच राहीन. त्यांचं उत्तर मिळेपर्यंत हे पत्र टाकत नाही.

गाडी रविवारची आहे. मेमेंना बोलावून, दोघांसमोर, मी सगळं सांगणार आहे शुक्रवारी, नऊ नोव्हेंबरला, सकाळच्या चहाला.

तुमची धाकटी बहीण,
छोरोल