आधी तू ठेव

सोम., ३ फेब्रु.
एम.ए.च्या वर्गात आज आंतरराष्ट्रीय संबंधांतला वास्तववाद शिकवला. देशांच्या वर कुणी पोलीस नाही. शेजाऱ्याचं मन दिसत नाही, शस्त्रं दिसतात, म्हणून जो तो आपली वाढवतो. मागच्या बाकावरून एक पोरगी : "मॅडम, दोघंही सज्जन असले तर?" "तरीही," मी म्हणाले. वर्ग हसला.
कुरुळीत घरी आले तर शेजारच्या शेवंताकाकूंच्या दारावर नवा कॅमेरा. तोंड आमच्या दाराकडे.

बुध., ५
माझा नवरा प्रकाश कंपनीतून आल्या आल्या : "आपणही लावून टाकू." मी हो म्हणाले. हल्ली दुपारी मी एकटी असताना गच्चीवर पावलं वाजतात. दोन्ही घरांची गच्ची सलग, मध्ये गुडघाभर भिंत. काकूच असणार. पण एवढ्या उन्हात?

मंगळ., ११
आमचा कॅमेरा लागला, तर काकूंनी गच्चीतल्या भिंतीवर उंच पत्रे ठोकून घेतले. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आल्या होत्या. आता मान वर करत नाहीत.
पावलं मात्र पत्र्यापाशी थांबत नाहीत. त्यांच्याकडून येतात, माझ्या डोक्यावरून जातात.

शनि., १५
प्र.ने दारामागे लोखंडी गज ठेवला. "काढ तो, लाज वाटते," म्हटलं. तो ड्यूटीवर गेल्यावर गज जागेवर आहे ना, बघून आले.

गुरु., २०
वीज नाही. आसपासच्या कंपन्या बंद, कानात दडे बसल्यासारखी शांतता. भर दुपारी पावलं. सावकाश. गज घेऊन बाहेर धावले. काकूही बाहेर, हातात कोयता.
"तू वर न्हाईस?"
"मला वाटलं, तुम्ही."
"म्या? माझं गुडघं जिना चढू देत्यात व्हय? तुझ्याच भ्यानं लेकाला क्यामेरा लावाय सांगितला."
वर चालणं सुरूच. जिने दोन्ही घरांच्या आतून, दोन्हींना कुलूप.
"काकू, कोयता ठेवा खाली."
"आधी तू ठेव."
त्या खरं बोलत होत्या. कळत होतं मला. तरी हात सैल होईना. दोघी तशाच, पाठ न फिरवता, आपापल्या घरात.

शुक्र., २१
सकाळी गज घरीच ठेवून गेले. काकूंच्या कॅमेऱ्यापुढे दोन्ही तळवे धरले.
"काकू, मी आहे. हातात काही नाही."
मग आतून, दाराला अगदी लागून आवाज :
"आन् तुझ्या मागं कोन हाय?"
वळले. गल्लीत कुणी नव्हतं.
आत कडी सरकली. काढली की आणखी एक घातली, आवाजावरून कळेना.